झाकण मिटलं की लॅपटॉप जागा, उघडलं की झोपतो!

अर्धविराम

मंडळी, एक विचित्र त्रास मागे लागलाय. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्स), दोन्ही आहेत. रात्री काम संपलं की झाकण मिटतो आणि लॅपटॉप टेबलावरच ठेवून देतो. सकाळी बघावं तर कधी सगळं ठीक, कधी अंग गरम, पंखा चालू आणि बॅटरी निम्म्याच्या खाली. म्हणजे मिटलेल्या झाकणाआड हा रात्रभर जागाच.

दिवसा बरोब्बर उलटं. झाकण सताड उघडं, मी टाइप करतोय, आणि मधेच स्क्रीन काळी. क्षणभरात परत येते ती थेट लॉक स्क्रीन घेऊन. पासवर्ड टाका, जरा पुढे जा, पुन्हा तेच.

झाकणाच्या सेटिंगमध्ये बॅटरी आणि चार्जर, दोन्हींसाठी 'स्लीप' ठेवलंय. ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत आहेत. सर्व्हिस सेंटरला दाखवला, तर तिथे ठेवलेल्या काळात एकदाही असं झालं नाही. 'दोष आढळला नाही' असं लिहून परत दिला.

दोन वेगळे आजार आहेत की एकच? कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी

पहिल्या त्रासापुरतं सांगतो. पूर्वी लॅपटॉप 'एस३' नावाच्या झोपेत जायचा. रॅममधलं टिकवण्यापुरती वीज चालू, बाकी जवळजवळ सगळं बंद. नव्या बऱ्याच यंत्रांत एस३ दिलेलीच नसते. तिच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' आलं. विंडोज ८ मध्ये 'कनेक्टेड स्टँडबाय' होतं, त्याचं हे विंडोज १० पासूनचं वाढवलेलं रूप. यात यंत्र कागदोपत्री एस० मध्ये, म्हणजे चालूच असतं, फक्त अगदी मंदावलेलं. फोनची स्क्रीन बंद केली तरी मेल येत राहतात, तसं. एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर नीट मंदावला नाही की रात्रभर बॅटरी खातो.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत हे द्या:

पॉवरसीएफजी /ए
पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी

पहिल्याने कळेल तुमच्या यंत्रात कुठकुठली झोप उपलब्ध आहे. दुसरी कमांड एक एचटीएमएल अहवाल बनवते. प्रत्येक झोप कधी सुरू झाली, कशामुळे मोडली आणि त्यात किती बॅटरी गेली, ते त्यात दिसतं. बरेच जण '/लास्टवेक' वापरायला सांगतील, पण मॉडर्न स्टँडबायवाल्या यंत्रात त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

कळफलकवीर

फॉरमॅट मारा. सगळे प्रश्न सुटतात.

निळी_शाई

@कळफलकवीर, दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम आहेत त्यांच्याकडे. एकच विकार दोन्हींना एकाच वेळी जडायचं कारण काय?

अर्धविराम, हे आधी सांगा: दोन्ही त्रास विंडोज आणि उबुंटू, दोन्हीकडे होतात का? होत असतील तर सेटिंगमध्ये डोकं घालून उपयोग नाही, गडबड त्याच्या खालच्या थरात आहे.

अर्धविराम

हो, दोन्हीकडे. टाइप करताना झोपणं तर उबुंटूतही अगदी तसंच.

@रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. '/ए' म्हणतं की फक्त 'एस० लो पॉवर आयडल' आहे, एस३ ला फर्मवेअरचा पाठिंबा नाही. अहवालात मात्र गंमत आहे. ज्या रात्री बॅटरी उतरली, त्या रात्री झोप मोडण्याचं कारण 'लिड' असं लिहिलंय. मध्यरात्रीच्या सुमारास. घरात सगळे झोपलेले, झाकण कोण उघडणार?

रात्रपाळी

अहो, मग हे माझ्या खात्यातलं नाही. मला वाटलं होतं की वेक टायमर किंवा नेटवर्क कार्ड निघेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम' लॉग उघडून 'कर्नल-पॉवर'च्या ५०६ आणि ५०७ क्रमांकाच्या नोंदी बघा. ५०६ म्हणजे स्टँडबायमध्ये शिरला, ५०७ म्हणजे बाहेर आला. दिवसा टाइप करताना झोपला तेव्हाच्या ५०६ मध्ये कारण काय आहे? तिथेही 'लिड' असेल तर आजार एकच.

बिजागरी

माझ्या मते बिजागरीतून जाणारी स्क्रीनची केबल. उघडमीट करून करून ती आतून तुटत येते. माझ्याकडे एक लॅपटॉप असा होता की विशिष्ट कोनात आणला की स्क्रीन गुडुप, जरा मागे ढकलला की परत हजर. बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. लॅपटॉपची स्क्रीन गेली आणि मॉनिटर चालू राहिला तर केबल. दोन्ही गेले तर लॅपटॉप खरंच झोपतोय.

निळी_शाई

@बिजागरी, ही परीक्षा एरवी चांगली आहे, पण इथे फसवेल. बाहेरचा मॉनिटर जोडला की लिनक्सचा झाकणाबद्दलचा नियमच बदलतो. सिस्टीमडी-लॉगइनडी, म्हणजे लिनक्समध्ये लॉगइन आणि झाकण सांभाळणारा प्रोग्रॅम, अशा वेळी लॅपटॉप 'डॉक' केलेला आहे असं मानतो, आणि त्यासाठीचं 'हँडललिडस्विचडॉक्ड' मुळातच 'इग्नोर' असतं. झाकण बंद झाल्याची खबर आली तरी लॅपटॉप झोपणार नाही. डेस्कटॉप फक्त आतली स्क्रीन बंद करून सगळं मॉनिटरवर ढकलेल. म्हणजे दिसायला हुबेहूब केबल तुटल्यासारखं, आणि केबल मात्र शाबूत.

शिवाय केबल गेली तर लॉक स्क्रीन येत नाही. काळं पडतं आणि जिथे होतो तिथेच परत येतं. त्यांना पासवर्ड टाकावा लागतोय.

बिजागरी

लॉक स्क्रीनचा मुद्दा पटला. केबलवरचा दावा मागे.

जुनी_सर्किट

उशिरा आले, पण हा माझा विषय आहे. दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत.

झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं कसं? फार पूर्वी बिजागरीजवळ एक बारीक खिटी असायची, झाकण तिच्यावर दाबलं जायचं. काही यंत्रांत काचेच्या नळीतला रीड स्विच असायचा. आता जवळपास सगळीकडे हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीत आडवा विद्युतदाब निर्माण होतो. त्याच तत्त्वावरची ही तांदळाच्या दाण्याहून लहान चिप. चिप एका बाजूला, समोरच्या बाजूला छोटा चुंबक. बहुतेकदा चुंबक झाकणाच्या कडेत आणि चिप खाली मनगट टेकतो त्या भागात असते, पण काहींमध्ये उलटही असतं.

चिपला झाकण दिसत नाही, फक्त चुंबकीय क्षेत्र कळतं. क्षेत्र ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती 'मिटलं' म्हणते, खाली आलं की 'उघडलं'. ही खबर मदरबोर्डवरच्या 'एम्बेडेड कंट्रोलर' नावाच्या छोट्या नियंत्रक चिपकडे जाते, तिथून एसीपीआयमार्गे ऑपरेटिंग सिस्टीमला. एसीपीआय म्हणजे १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी काढलेला वीजव्यवस्थापनाचा मानक. त्यात झाकणासाठी वेगळं उपकरणच नेमलेलं आहे. विंडोज असो की लिनक्स, दोघंही त्यालाच विचारतात आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. म्हणून तुमच्याकडे दोघंही सारखेच फसतायत.

उबुंटूत जाऊन हे बघा, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

जर्नलसीटीएल -यू सिस्टीमडी-लॉगइनडी

त्यात 'लिड क्लोज्ड' आणि 'लिड ओपन्ड' अशा ओळी वेळेसकट मिळतील. टाइप करत असतानाच्या वेळेला 'लिड क्लोज्ड' दिसलं तर पुढचं मी सांगते.

अर्धविराम

दिसलं! लॉगमध्ये भर दुपारी 'लिड क्लोज्ड' आणि लगेच खाली 'लिड ओपन्ड'. विंडोजच्या ५०६ मध्येही कारण 'लिड'च. झाकणाला माझा हातही लागलेला नव्हता.

मग सेन्सर खराब झालाय का? बदलून मिळतो?

जुनी_सर्किट

सेन्सर क्वचित मरतो, आणि मेला की साधारणपणे एकाच बाजूला अडकतो: कायम 'मिटलं' किंवा कायम 'उघडं'. तुमचा तर दोन्हीकडे हेलकावे खातोय. त्यामुळे बदलायच्या आधी मला सांगा, लॅपटॉप ठेवता त्या टेबलावर आणखी काय काय असतं? मनगटावर घड्याळ? फोनचं कव्हर फ्लॅपचं आहे का? सर्व्हिस सेंटरमध्ये त्रास झाला नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संशय येतोय.

हेडफोनधारी

घड्याळ!! माझ्या घड्याळाचा जाळीदार धातूचा पट्टा चुंबकाने चिकटतो. डावा हात लॅपटॉपच्या कडेला टेकला की स्क्रीन गायब व्हायची. उजव्या हातात घालायला लागलो तेव्हापासून बंद.

अर्धविराम

घड्याळ घालत नाही. पण टेबलाबद्दल विचारलंत तर सांगतो. ऑफिसचा लॅपटॉप मिटून खाली ठेवतो आणि त्याच्यावर माझा, म्हणजे स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला येते. फोनला साधं रबरी कव्हर आहे. मुलीचा टॅबलेट आहे, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या कव्हरचा. तो ती रात्री माझ्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवते. कधी ठेवते, कधी तिच्या खोलीत नेते.

अरेच्चा.

जुनी_सर्किट

झालं तर मग.

दिवसाचं कोडं सोपं आहे. खालच्या लॅपटॉपच्या झाकणातही चुंबक आहे. तो तुमच्या लॅपटॉपच्या तळातून वरच्या चिपपर्यंत पोहोचतो. लॅपटॉप जरासा सरकला की क्षेत्र मर्यादेच्या वर, परत सरकला की खाली. टाइप करताना यंत्र थोडं थोडं सरकतंच.

रात्रीचं जास्त मजेदार आहे. चुंबकाला दोन ध्रुव असतात आणि दोन चुंबकांची क्षेत्रं एकाच दिशेची असली की त्यांची बेरीज होते, विरुद्ध दिशेची असली की वजाबाकी. टॅबलेटच्या कव्हरात चुंबकांची रांगच असते, त्यात काही उत्तर तोंड करून, काही दक्षिण. त्यातला विरुद्ध तोंडाचा एखादा चुंबक तुमच्या सेन्सरच्या बरोबर वर आला, तर झाकणातल्या चुंबकाचं काम तो पुसून टाकतो. झाकण घट्ट मिटलेलं, पण चिपला क्षेत्र कळत नाही, म्हणून ती 'उघडलं' असं सांगते. लॅपटॉप जागा होतो. मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर टॅबलेट ठेवल्या ठेवल्या होईलच असं नाही, पुढे टेबलाला जरासा धक्का लागला तरी पुरतो. सगळ्या चिपा ध्रुव ओळखतात असं नाही. काहींना कुठलाही ध्रुव चालतो, त्यांच्यात हा प्रकार कमी होतो.

खात्री करून घ्या, अंदाजावर सोडू नका. बाहेरचा मॉनिटर जोडा. निळी_शाईंनी सांगितलेला नियम आता आपल्या फायद्याचा: मॉनिटर असताना उबुंटू झोपणार नाही, आणि झाकण मिटूनही तुम्हाला मॉनिटरवर बघता येईल. टर्मिनलमध्ये द्या:

वॉच -एन १ कॅट /प्रॉक/एसीपीआय/बटन/लिड/*/स्टेट

दर सेकंदाला 'ओपन' की 'क्लोज्ड' ते दिसत राहील. झाकण उघडं ठेवून फ्रिजवर लावतात तसला चपटा चुंबक कीबोर्डच्या कडेकडेने फिरवा. जिथे 'क्लोज्ड' येईल तिथे सेन्सर. त्याने काही झालं नाही तर चुंबक उलटा करून फिरवा. मग झाकण मिटा आणि टॅबलेट वर ठेवून हळूहळू सरकवा.

कळफलकवीर

चुंबक फिरवला की डिस्क उडेल ना! विनोद करत नाहीये, खरंच विचारतोय.

जुनी_सर्किट

एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तिला चुंबकाचं सोयरसुतक नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय असते खरी, पण तिच्या डब्यातच वाचणारा हात हलवायला निओडायमियमचे दणकट चुंबक बसवलेले असतात. फ्रिजवरचा चपटा चुंबक बाहेरून तिचं काही बिघडवत नाही. जुन्या हार्ड डिस्कमधून उपटलेला चुंबक मात्र या कामाला घेऊ नका. तो जिथे चिकटेल तिथे ओरखडे पाडेल आणि बोटं चिमटेल ते वेगळंच.

अर्धविराम

केलं. सेन्सर डाव्या मनगटाखाली आहे, अगदी पुढच्या कडेजवळ. चुंबक तिथे नेला की 'क्लोज्ड', उलटा केला की काही नाही. म्हणजे माझी चिप ध्रुव ओळखणारी.

मग झाकण मिटून टॅबलेट वर ठेवला. सरळ ठेवला तेव्हा 'क्लोज्ड' तसंच राहिलं. फिरवून कव्हरची कड पुढे आणली आणि मॉनिटरवर चक्क 'ओपन' आलं! बोटभर सरकवला की परत 'क्लोज्ड'. मुलीला बोलावून दाखवलं. तिने अर्धा तास सोडलं नाही, आता तिला घरातल्या प्रत्येक वस्तूत चुंबक शोधायचाय.

ऑफिसच्या लॅपटॉपच्या जागी पुस्तकं ठेवली. दिवसाचा त्रास बंद.

रात्रपाळी

झकास. पण एक शंका. टॅबलेट नसलेल्या रात्री बॅटरी कधीच उतरली नाही का? अहवालात 'लिड'शिवाय दुसरं कारण असलेली एखादी नोंद?

अर्धविराम

विंडोजच्या अहवालात नाही. पण तुम्ही विचारल्यावर उबुंटूचा लॉग पुन्हा चाळला. एका रात्री 'लिड ओपन्ड' कुठेच नाही, तरी यंत्र जागं होतंय, थोड्या वेळाने पुन्हा झोपतंय, पुन्हा जागं. पहाटेपर्यंत तेच. त्या रात्री टॅबलेट नक्की तिच्या खोलीत होता.

निळी_शाई

बिनतारी माउसचा रिसीव्हर यूएसबीत खोचलेला राहतो का? लिनक्समध्ये यूएसबी कीबोर्डला झोपेतून उठवायची मुभा मुळातच असते, आणि असे बरेच रिसीव्हर यंत्राला स्वतःची ओळख माउस अधिक कीबोर्ड अशी करून देतात. त्यामुळे टेबलावर माउस जरा हलला की लॅपटॉप उठतो.

पुन्हा पुन्हा झोपण्याचंही कारण आहे. जागं झाल्यावर लॉगइनडी सुमारे ३० सेकंद झाकणाकडे लक्ष देत नाही. 'होल्डऑफटाइमआउटसेक' असं त्या सेटिंगचं नाव. बाहेरचे मॉनिटर, डॉक वगैरे ओळखू यायला तो वेळ दिलेला असतो. ती मुदत संपली की झाकण अजून मिटलेलंच आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो पुन्हा झोपवतो. बूट झाल्या झाल्या झाकण मिटलं तर लॅपटॉप लगेच झोपत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. तीही याच मुदतीमुळे.

उपाय: /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस च्या खाली तुमच्या रिसीव्हरचा फोल्डर शोधा, त्यात पॉवर/वेकअप नावाच्या फाइलमध्ये 'डिसेबल्ड' लिहा. रीबूटनंतर ते पुसलं जातं, कायमचं हवं असेल तर यूडेव्हचा (लिनक्समधली जोडलेली उपकरणं सांभाळणारी यंत्रणा) नियम करावा लागेल. किंवा रात्री रिसीव्हर काढून ठेवा, मी तेच करते.

अर्धविराम

रिसीव्हर खोचलेलाच असतो. आजपासून काढतो.

पायवाट

या निमित्ताने माझं उलटं काम विचारून घेते. मला झाकण मिटून, बाहेरच्या मॉनिटरवर लॅपटॉप चालूच ठेवायचाय. विंडोजमध्ये मिटलं की झोपतो.

रात्रपाळी

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'झाकण मिटल्यावर काय करायचं' त्यात फक्त चार्जरच्या रकान्यात 'डू नथिंग' करा. बॅटरीच्या रकान्यात 'स्लीप' किंवा 'हायबरनेट'च राहू द्या. दोन्हीकडे 'डू नथिंग' केलं आणि घाईत बॅगेत टाकला तर आत भट्टी होईल. हायबरनेटचा पर्याय यादीत दिसत नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन' द्या. रोज बॅगेतून नेणाऱ्यांनी बॅटरीसाठी हायबरनेटच ठेवावं या मताचा मी आहे. उघडायला थोडा वेळ जास्त लागतो, पण सगळं डिस्कवर लिहून यंत्र खरोखर बंद झालेलं असतं.

निळी_शाई

लिनक्सवाल्यांसाठी जोड: मॉनिटर जोडलेला असेल तर काहीच करायला नको, वर म्हटलं तसं. मॉनिटरशिवायही चालू ठेवायचा असेल, घरचा सर्व्हर म्हणून वगैरे, तर /ईटीसी/सिस्टीमडी/लॉगइनडी.कॉन्फ मध्ये 'हँडललिडस्विच=इग्नोर'. बदल केल्यावर लॉगइनडी रीस्टार्ट करू नका, चालू डेस्कटॉप कोसळू शकतो. सरळ रीबूट करा.

पायवाट

आभार दोघांचेही. मॅकवर?

बिजागरी

मॅकवर वेगळं सेटिंग शोधावं लागत नाही. बाहेरचा डिस्प्ले, कीबोर्ड आणि माउस जोडा, चार्जर लावा आणि झाकण मिटा. चार्जर काढलात तर झोपेल, बहुतेकांची तक्रार तिथेच असते.

हेडफोनधारी

जुनी_सर्किट, ज्याचा सेन्सर खरंच 'मिटलं'वर अडकलाय त्याने काय करायचं? भावाचा लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरवर चालतो, आतली स्क्रीन मात्र उजळतच नाही.

जुनी_सर्किट

आधी वरचीच स्टेट बघा. झाकण उघडं असून 'क्लोज्ड' दाखवत असेल तर पॉवर बंद करून, चार्जर काढून, पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा. बऱ्याच यंत्रांत त्याने एम्बेडेड कंट्रोलर नव्याने सुरू होतो. तरी तेच असेल तर लिनक्समध्ये बूटच्या ओळीत 'बटन.लिड_इनिट_स्टेट=ओपन' घालून बघता येतं. मुळात काही फर्मवेअर सुरुवातीलाच चुकीची स्थिती सांगतात, त्यांच्यासाठी ती सोय आहे. आणि 'ओपन' दाखवूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनवर मारायला सांगा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय. काहीच दिसलं नाही तर बिजागरींची केबल.

बिजागरी

शेवटी केबल आलीच!